आंबेघोळचा पाट

दुपारी तीन वाजले की हर्षदा मगदूम ऑफिसच्या दाराला आतून कडी घालायची, खुर्ची मागे कलती करायची, कपाळावर निळी पट्टी बांधायची आणि फिरायला जायची. आधी नुसती डुलकी लागल्यासारखं व्हायचं. पंख्याची घरघर लांब लांब जायची. मग पायांखाली गवत लागायचं आणि समोर ते तळं दिसायचं.

तळं मोठं होतं, चारी बाजूंनी दगडी पायऱ्यांचं. त्यातून अकरा पाट निघून अकरा दिशांना गेलेले. डावीकडे बांबूचं बन होतं आणि त्यात सतत कुजबुज चालायची. पलीकडे एक ठेंगणी टेकडी होती, तिच्यावरून गरम भाकरीचा वास यायचा. सगळ्यावर दुपारचं पिवळं ऊन सांडलेलं असायचं. ती पाटांच्या कडेकडेने चालायची, मधेच वाकून पाण्यात हात घालायची, कुठे तुंबलंय का बघायची. तुंबलेलं सापडलं की जागी व्हायची आणि फोन उचलून म्हणायची, "शिंदे, प्रयोगशाळेचे रिपोर्ट कालपासून अडकलेत का हो?" पलीकडचा शिंदे दचकायचा. रिपोर्ट अडकलेले असायचेच.

ही जागा पृथ्वीच्या पाठीवर कुठेही नव्हती. सांगलीच्या वारणाकाठ आरोग्य सहकारी संघाचं ते आतलं रूप होतं. अकरा दवाखाने, साडेनऊशे माणसं, शेकडो यंत्रं आणि त्यांच्यात दिवसाकाठी होणारी चार लाख निरोपांची देवाणघेवाण. तळं म्हणजे मध्यवर्ती औषधभांडार, बांबूचं बन म्हणजे प्रयोगशाळा, पाट म्हणजे दवाखान्यांकडे जाणाऱ्या औषधांची वाट. टेकडी म्हणजे पगार विभाग. भाकरीच्या वासाचं कोडं आता तुम्हीच सोडवा.

हर्षदाला ती जागा आवडायची. खरं सांगायचं तर घरापेक्षा जास्त आवडायची, आणि हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला सांगायची गरजच नव्हती. सुकुमार भूमापन खात्यात होता. उभं आयुष्य लोकांच्या बांधावर उन्हात उभं राहून, दोन्ही बाजूंच्या शिव्या खात जमिनी मोजलेला माणूस. बायकोच्या डोळ्यांतलं ऊन त्याला बरोबर कळायचं.

"आज कुठवर गेली होतीस?" तो जेवताना विचारायचा.

"तळ्यापर्यंत."

"पाणी आहे?"

"भरपूर."

"छान. आपली मोरी तुंबलीय, तिकडेही एकदा फेरी मार."

त्या यंत्राला सगळे फेरीच म्हणायचे. त्यामागचं शास्त्र ऐकायला वाटतं तितकं अवघड नाही. माणसाच्या मेंदूत, दोन्ही कानांच्या आतल्या अंगाला, करंगळीएवढा एक वाकडा भाग असतो. तिथल्या काही पेशींचं काम एकच, जागा ओळखणं. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की एक जागी होते, अंगणात आलं की दुसरी. म्हणून तर दिवे गेले तरी आपण मिठाच्या डब्यापर्यंत न अडखळता पोचतो. पुढे संशोधकांच्या ध्यानात आलं की या पेशींना खरीच जागा लागते असं नाही. नातीगोती, सुरांचा क्रम, कोण कुणाच्या वरचढ, असल्या गोष्टीही त्या जागेसारख्याच मांडून ठेवतात. फेरीने याचाच फायदा घेतला. संस्थेतले सगळे निरोप घ्यायचे, ज्यांची आपसात ये-जा जास्त ते जवळ ठेवायचे, कमी ते लांब, आणि हा सगळा पसारा पट्टीतून अगदी हलक्या विजेच्या ठोक्यांनी त्या वाकड्या भागाला ऐकवायचा. मेंदू बिचारा आपल्या सवयीने त्याचं गाव करून टाकतो.

त्याआधी हे काम कागदावर व्हायचं. पाचशे पानांचे चौकोन आणि बाण. ते काढणाराही थकायचा आणि पाहणारा तर पाहायचाच नाही. फेरी आल्यावर दहा मिनिटांत कळायला लागलं की संस्थेला नेमकं कुठे दुखतंय. मात्र त्याला तयारी लागायची. कुणाही ऐऱ्यागैऱ्याला पट्टी बांधली तर त्याला नुसती उत्तम झोप लागायची.

हर्षदाची तयारी मुजावर सरांनी करून घेतली होती. फिरोज मुजावर, वय अडुसष्ट, मिरजेचे. तीस वर्षं त्यांच्या कार्डावर 'एंटरप्राइझ आर्किटेक्ट' असं छापलेलं होतं आणि तीस वर्षं लोक ते वाचून त्यांच्याकडे बंगल्याचा प्लॅन मागत होते. सर समजावून सांगायचे की घराला जसा रचनाकार लागतो तसा संस्थेलाही लागतो. कुठलं खातं कशावर उभं आहे, कुठली भिंत काढली तर छप्पर खाली येईल, हे सगळं एका माणसाला एकत्र दिसायला हवं. समोरचा मान डोलवायचा आणि विचारायचा, "म्हणजे कॉम्प्युटरचं ना? आमचा प्रिंटर बघता का जरा?"

सरांची एकच इच्छा होती. डॉक्टरांची परिषद असते, वकिलांची असते, हिशेब तपासणाऱ्यांची असते. तशी संस्थारचनाकारांची असावी. नोंदणी असावी, शिक्का असावा, शपथ असावी. 'रचनाकाराच्या सहीशिवाय रुग्णालय, वीज, पाणी असल्या कुठल्याही संस्थेत मोठा बदल करू नये' असं कायद्यात लिहिलेलं असावं. पंधरा वर्षं त्यांनी मंत्रालयाचे जिने झिजवले, आणि शेवटी विधेयकाचा मसुदा तयार झाला. तो तपासायला सात जणांची समिती नेमली गेली. अध्यक्ष होत्या निवृत्त न्यायाधीश इंदुमती रेगे. नमुना म्हणून समिती एक संस्था आतून पाहणार होती, आणि सरांनी वारणाकाठचं नाव दिलं.

"परिषदेच्या पुस्तकात पहिलं नाव तुझं," सर म्हणाले.

"तुमचं, सर."

"मी म्हातारा झालो. म्हाताऱ्यांची नावं पाटीवर बरी दिसतात, पुस्तकात नाही."

हर्षदाने मान खाली घातली, पण तिला आतून फार बरं वाटलं. एकोणपन्नासाव्या वर्षी कुणीतरी आपल्याला पहिला नंबर देतंय, याचा आनंद शाळकरी मुलीसारखाच होतो.

इथे या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. प्रत्येक संस्थेचे दोन नकाशे असतात. एक आजचा, तो खऱ्या निरोपांवरून आपोआप बनतो. दुसरा उद्याचा, संस्था पुढे कशी असावी याचा, तो रचनाकार स्वतः काढतो. आजच्या नकाशात ऊन दुपारचं ठेवायचं आणि उद्याच्या नकाशात सकाळचं, गवतावर दव असलेलं. दोन्हींत एकाच दिवशी फिरायचं नाही. हा नियम मुजावर सरांनीच केला होता. कारण मेंदूला जागा आठवते, तारीख आठवत नाही.

आणि आता सरच म्हणाले, "समितीला दोन्ही एकाच फेरीत दाखव. आजच्यातून निघा, उद्याच्यात जाऊन पोचा. मधे ठेच लागू देऊ नकोस."

"सर, नियम..."

"नियम आपलाच आहे, हर्षदा. एक दिवस तो बाजूला ठेवू. त्या लोकांना कागद दाखवून पंधरा वर्षं गेली. एकदा त्यांना चालू दे."

तीन आठवडे ती दोन नकाशे जोडत बसली. दुपार हळूहळू पातळ करत नेली, सावल्या उलट फिरवल्या, गवतावर थेंब थेंब दव उतरवलं. आंबेघोळ हा डोंगरातला सगळ्यात लांबचा दवाखाना. तिकडचा पाट आजच्या नकाशात बारीक, मातकट होता. उद्याच्या नकाशात तिने तो स्वच्छ, झुळझुळ वाहता काढला होता. कारण उद्या आंबेघोळचा फ्रिजही, बाकी दहांसारखा, स्वतःच औषधं मोजून भांडाराला कळवणार होता. जिथे दुपार संपून सकाळ लागते ती जागा तिला स्वतःला सापडेनाशी होईपर्यंत तिने काम केलं. इतकं सुंदर काम तिने आयुष्यात केलं नव्हतं.

समितीचे सात जण पट्ट्या बांधून बसले. हर्षदा पुढे चालली आणि तिला जे दिसत होतं त्याची पातळ सावली त्यांना दिसत गेली. अर्ध्या तासाने ते जागे झाले. एक आमदार चष्मा पुसत राहिले. रेगे मॅडमनी मात्र डोळे मिटूनच विचारलं, "आणि तुमची चूक झाली तर?"

"नकाशा निरोपांवरून बनतो, मॅडम," मुजावर सर म्हणाले. "चुकायला वावच नाही."

"डॉक्टर चुकतात. वकील चुकतात. मी स्वतः चुकलेय, दोनदा. तुम्ही नाही?" त्या हसल्या आणि कागदावर काहीतरी टिपून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मसुद्याला जोडण्यासाठी आजच्या नकाशाची सही-शिक्क्याची प्रत हवी होती. हर्षदाने पट्टी बांधली आणि अकराच्या अकरा पाटांवरून चालून आली. सगळीकडे पाणी वाहत होतं. तिने लिहिलं, 'अकराही दवाखान्यांचे फ्रिज भांडाराला जोडलेले आहेत,' आणि खाली सही केली. परिषदेसाठी नमुना म्हणून बनवलेला शिक्का नवाकोरा होता, तो तिने जरा जास्तच जोरात दाबला.

संघाच्या ऑफिसात त्या कागदाचं कौतुक झालं आणि लगेच वापरही झाला. भांडारात एक जुनी प्रणाली होती. रोज चार वाजता ती कॅमेऱ्यातून प्रत्येक दवाखान्याची नोंदवही वाचायची आणि दुसऱ्या दिवशी कुठे काय पाठवायचं याची यादी करायची. फ्रिजच बोलायला लागल्यावर ती कशाला? सही झालेला नकाशा हातात होता. जुनी प्रणाली बंद झाली.

चार महिने गेले. विधेयक सोमवारी सभागृहात मांडायचं ठरलं. त्याच्या आदल्या मंगळवारी हर्षदाच्या टेबलावर चौकशीचा एक कागद आला.

आंबेघोळच्या दवाखान्यात अंजना डोईफोडे नावाच्या बाईंना आणलं होतं. गवत कापताना घोणस चावली होती. सापावरच्या औषधाच्या दहा कुप्या लागतात, फ्रिजमध्ये चार निघाल्या. चार देऊन बाईंना सांगलीला हलवलं. त्या वाचल्या, पण मूत्रपिंडं बिघडली आणि तीन आठवडे त्या डायलिसिसच्या यंत्रावर होत्या. कागदात पुढे लिहिलं होतं: 'मंजूर नकाशानुसार फ्रिजकडून मागणी आपोआप जाते. ती गेली नाही. अर्थात तिथल्या नर्स भारती सुतार यांनी जोडणीची वायर काढून टाकली असावी. गुरुवारच्या सुनावणीत बडतर्फीचा निर्णय होईल. रचनाकारांनी नकाशा बरोबर असल्याची फेरसही करावी.'

हर्षदाने पेन उचललं, मग खाली ठेवलं. सही करायची तर फिरून यायला हवं. ती पट्टी बांधून निघाली. तळं, पायऱ्या, सातवा पाट. आंबेघोळची वाट तिला पाठ होती. वळणावरचा सपाट दगड, त्यावर ती थोडा वेळ बसायची. पाणी झुळझुळत होतं. तिने हात घातला, गार लागलं. सगळं ठीक होतं. उठताना तिने टेकण्यासाठी गवतावर हात ठेवला आणि तळवा ओला झाला.

दुपारी तीन वाजता गवतावर दव कसं?

ती धडपडत जागी झाली. तिने नकाशा नको, चित्र नको, निरोपांची साधी यादी मागवली. आंबेघोळच्या फ्रिजकडून भांडाराला आलेले निरोप: शून्य. या महिन्यात शून्य, त्याआधी शून्य. ती जोडणी कधी झालीच नव्हती. ज्या पाटाच्या काठी ती चार महिने बसत होती तो तिने स्वतः खणला होता, डोक्यात.

संध्याकाळी तिने सुकुमारला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू तिथे गेली आहेस कधी? पायांनी?"

"नाही."

"मग उद्या जाऊ. माझी रजा शिल्लक आहे."

घाटाच्या पायथ्यापर्यंत बिनचालकाची बस होती, पुढे मात्र माणूस चालवेल तीच जीप. सुकुमार प्रत्येक वळणावर सवयीने दगड मोजत होता. आंबेघोळ आलं तेव्हा हर्षदा जीपमधून उतरून नुसती उभी राहिली. तांबडी माती, पत्र्याची एक शेड, फणसाचं झाड, झाडाला बांधलेली शेळी. पाट नव्हता, सपाट दगड नव्हता. वाऱ्याला धुराचा वास होता. तिला एकदम रडू यायला लागलं आणि का ते तिला नीट सांगता आलं नसतं. आवडतं माणूस भेटायला यावं आणि ते भलतंच कुणी निघावं, तसं काहीसं तिला झालं.

भारती सुतार दारातच होत्या. चाळिशीच्या, पदर खोचलेला, हातात केरसुणी.

"तुम्हीच का त्या नकाशावाल्या म्याडम? या, बसा. पाणी घ्या आदी."

"फ्रिज बघू का?"

"बघा की. आता समदी त्येलाच बघाया येत्यात."

फ्रिजच्या मागून एकच वायर निघत होती आणि ती भिंतीतल्या प्लगमध्ये गेली होती. हर्षदाने तरी वाकून, हात घालून पाहिलं.

"काय हुडकताय? ती वायर व्हय?" भारती म्हणाल्या. "चौकशीचं सायब बी तेच इचारत हुतं. वायर कुटं टाकली? म्हनलं, सायब, जी आलीच न्हाई ती मी कुटं टाकू? तर त्येंनी कागद दावला. म्हनं कागदावर वायर हाय. सही-शिक्क्यासकट हाय."

"ती सही माझी आहे, भारतीताई."

भारतींनी केरसुणी कोपऱ्यात ठेवली. "तुमची? मग तुम्ही हितं आला हुता कवा? मला तर दिसला न्हाईसा."

"रोज येत होते," हर्षदा बोलून गेली.

भारतींनी तिच्याकडे पाहिलं, मग सुकुमारकडे पाहिलं. बाईला बरं नसावं असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी नोंदवही काढून तिच्या मांडीवर ठेवली. प्रत्येक कुपी, प्रत्येक तारीख, निळ्या शाईत. "ह्ये बगा. एक बाटली फोडली की मी लिवती. आट वर्सं लिवती. लिवलं की दुसऱ्या दिशी गाडी येती, एवढंच मला ठावं. आवंदा गाडी आली न्हाई. फोन केला तर म्हनले, तुमचा फ्रिज सांगंल की. आता फ्रिज माझ्यासंगं बोलत न्हाई, तर त्यो त्येंच्यासंगं काय बोलनार?" त्यांनी वहीतल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "अंजनाचं अंग सुजाया लागलं तवा मी तिचा हात धरून बसलेली. चार बाटल्यात काय हुतंय म्याडम? माझा काय बी गुना न्हाई. उद्याच्याला मला काडत्यात."

हर्षदाने वही मिटली. "नाही काढणार," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर ती मिरजेला उतरली. मुजावर सर सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत राहायचे. अंगणात सुकायला ठेवलेल्या भोपळ्यांमधून वाट काढत ती ओसरीवर पोचली, तेव्हा सर परिषदेच्या शपथेचा मजकूर पाचव्यांदा दुरुस्त करत बसले होते. तिने सांगितलं. सरांनी पेन्सिल बाजूला ठेवली.

"आठ दिवस," ते म्हणाले. "फक्त आठ दिवस थांब. सोमवारी विधेयक, मंगळवारी मतदान. बुधवारी मी स्वतः पत्र देतो."

"सुनावणी उद्या आहे, सर."

"त्या बाईंना परत घेतील. मी घ्यायला लावीन."

"आणि अंजनाबाईंना काय सांगायचं? जुनी प्रणाली अजून बंद आहे. अजून कुणाला साप चावला तर?"

"ती आज संध्याकाळी सुरू करून घे. गुपचूप कर." सरांचा आवाज चढला, मग खाली आला. "हर्षदा, मला लोकांनी प्रिंटर दुरुस्तीला बोलावलंय गं. तीस वर्षं. उद्या सगळ्यांना कळलं की आमचा नमुनाच खोटा, तर पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. तुला नाही, मला नाही, पुढे येणाऱ्या पोरांनाही नाही."

"खोटा नाही, सर. चुकीचा. मला दोन्ही नकाशांतला फरक कळेनासा झाला होता."

"का कळेनासा झाला?"

ठेच लागू देऊ नकोस, हे शब्द दोघांनाही आठवत होते. सरांनी तोंड फिरवलं आणि अंगणातल्या भोपळ्यांकडे बघत राहिले. तिचं या माणसावर वडिलांइतकं प्रेम होतं. त्यांनी आणखी एकदा "थांब" म्हटलं असतं तर आपण थांबलो असतो, याची तिला भीती वाटत होती.

"जा," सर म्हणाले.

संध्याकाळी तिने चारची जुनी प्रणाली सुरू करायला लावली, पण गुपचूप नाही. हुकमावर कारण लिहून. गुरुवारी सुनावणीत ती भारतींच्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "वायर कधीच नव्हती. मी न बघता सही केली. नकाशा माझा, चूक माझी." प्रशासन अधिकारी गडबडले. चौकशीच्या कागदावर 'प्रणालीतील बिघाड' असा एक सोयीचा रकाना असतो. तो त्यांनी पुढे सरकवला. "इथे टाकू या ना, मॅडम. कुणाचंच नाव येणार नाही."

"बिघाड नाही झाला," हर्षदा म्हणाली. "मी चुकले."

भारती सुतार त्याच दिवशी कामावर परत गेल्या. हर्षदाने तेच सगळं रेगे मॅडमना लिहून कळवलं. शुक्रवारी वर्तमानपत्रात आलं, आणि सोमवारी विधेयक मांडलं गेलं नाही.

त्यानंतरचे महिने वाईट होते. पुण्या-नागपूरचे धंद्यातले लोक तिचे फोन उचलेनात. 'तुझ्या प्रामाणिकपणाची किंमत आम्ही भरतोय' असा एकाचा निरोप आला आणि त्यात खोटं काही नव्हतं. मुजावर सर तिच्याशी बोलायचे बंद झाले. अंजनाबाईंना भेटायला ती दोनदा गेली. पहिल्यांदा त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्यांदा चहा दिला, पण बोलल्या नाहीत. फेरी मात्र ती रोज करत होती, आता आजच्याच नकाशात. आंबेघोळचा पाट तिथे पुन्हा बारीक, मातकट झाला होता, काठाला नुसते गोटे आणि त्यावर दुपारचं ऊन. ती त्या गोट्यांवर बसायची. तिला त्या स्वच्छ, झुळझुळत्या पाण्याची फार आठवण यायची. ते कधी नव्हतंच, हे माहीत असून यायची.

आठव्या महिन्यात समितीचा अहवाल आला. रेगे मॅडमनी शेवटचं पान स्वतः लिहिलं होतं: 'आजवर असं काही घडलं की बिघाड असं लिहिलं जायचं आणि शिक्षा सगळ्यात जवळ उभ्या असलेल्या माणसाला व्हायची. या प्रकरणात पहिल्यांदाच कुणी पुढे येऊन सही माझी असं म्हणालं. ज्या कामात चूक एका माणसाची असू शकते, ते काम व्यवसाय म्हणवून घ्यायला पात्र आहे. नकाशांनी समितीला भुरळ घातली होती. खात्री या चुकीने पटली.'

हिवाळी अधिवेशनात विधेयक मंजूर झालं. परिषद बसली. तिच्यासमोर पहिलंच प्रकरण आलं ते हर्षदा मगदूम यांचं, आणि पहिल्याच प्रकरणात पेच पडला. शिक्षा करायची तर ती व्यक्ती परिषदेची सदस्य हवी, आणि पुस्तक तर कोरं होतं. सकाळी अकरा वाजता ठराव करून हर्षदाचं नाव पहिल्या ओळीत लिहिलं गेलं. अकरा वाजून वीस मिनिटांनी ती अठरा महिन्यांसाठी निलंबित झाली. या काळात सही नाही, शिक्का नाही, फेरी नाही.

दोन दिवसांनी, दुपारी तीनच्या थोडं आधी, तिच्या ऑफिसचं दार वाजलं. परिषदेचे निबंधक शिक्का आणि पट्टी ताब्यात घ्यायला आले होते. निबंधक म्हणजे मुजावर सर. गेल्या वर्षात ते बरेच वाकले होते. तिने खुर्ची पुढे केली, ते बसले. तिने शिक्का टेबलावर ठेवला. मग पट्टी काढून त्याच्या शेजारी ठेवली आणि हात मागे घेताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने लपवलं नाही.

"अठरा महिने जातात," सर म्हणाले.

"जातात, सर. पण मला करमणार नाही."

सरांनी पिशवीतून छापील पावतीपुस्तक काढलं. नवं होतं, पानं एकमेकांना चिकटलेली. पहिलं पान सोडवून त्यांनी चष्मा लावला आणि सावकाश, एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहू लागले. लिहून झाल्यावर नियमाप्रमाणे त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"हर्षदा सुकुमार मगदूम," त्यांनी घसा खाकरला, "व्यवसाय, संस्थारचनाकार. नोंदणी क्रमांक..."

पुढे त्यांना वाचता येईना. तीस वर्षांत हा शब्द कुठल्याही सरकारी कागदावर कुणाच्या नावापुढे लागलेला त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी चष्मा काढला. हर्षदाने पावती आपल्याकडे वळवून घेतली, उरलेलं स्वतः वाचलं, आणि प्रत्येक ओळ दोनदा तपासून खाली सही केली.